गांवाजवळचा मुक्काम : राहुटीची जागा कशी निवडावी



पावसाळा सरून आकाश निवळलें, शाळूचीं शेतें डोलूं लागलीं आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेंसें वाटूं लागलें, म्हणजे शहरांतल्या माणसाला घराबाहेर पडण्याची ओढ लागते. पूर्वीं ही हौस आवळीभोजनानें किंवा हुरड्याच्या मेजवानीनें भागत असे. आतां तिला राहुटीची जोड मिळाली आहे. चार लवचिक कांबी आणि दोन कापडें यांची घडी मोटारीच्या मागच्या भागांत सहज मावते, आणि सायंकाळीं निघालेलें कुटुंब रात्रीं एखाद्या तळ्याकांठीं निजूं शकतें. हा छंद चांगला आहे. मुलांना तारे, पांखरें आणि अंधार यांची ओळख त्यामुळें होते. परंतु राहुटी विकत घेतांना जेवढा विचार केला जातो, त्याचा चौथा हिस्साहि ती कोठें ठोकावी याविषयीं केला जात नाहीं. आणि सुख किंवा संकट हें राहुटीवर नव्हे, तर जागेवर अवलंबून असतें. म्हणून आज जागेच्या निवडीसंबंधीं चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ला बांधण्यापूर्वीं तेथील पाण्याची परीक्षा करण्याविषयीं आणि रयतेचीं झाडें तिच्या संमतीवांचून न तोडण्याविषयीं जो कटाक्ष आहे, तो कोणत्याहि मुक्कामास लागू पडतो. इंग्रजी अमदानींत जिल्ह्याचे अधिकारी हिंवाळ्यांत दौऱ्यावर निघत, तेव्हां त्यांचे तंबू बहुधा एखाद्या आमराईंत पडत. १९०७ सालीं बेडन पॉवेल यांनीं ब्राउनसी बेटावर वीस मुलांची छावणी भरविली, आणि तींतून निघालेल्या बालवीर चळवळीनें तंबूंत राहणें हा शिक्षणाचाच एक भाग ठरविला. पण इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आमच्या जत तालुक्यांत माडग्याळी मेंढ्यांचे कळप घेऊन हिंडणारा धनगर या विषयांतला खरा पंडित आहे. त्याचा वाडा कोठें उतरतो तें नीट पाहावें. तो ओढ्यांत उतरत नाहीं. अगदीं पाण्याच्या कडेलाहि उतरत नाहीं. कोरडी, मुरमाड, किंचित् उंच जागा तो पाहतो, वाऱ्याला पाठ देतो, आणि मुख्य म्हणजे शेताच्या मालकाशीं बोलून मगच मेंढरें बसवितो. माझें आजचें सारें भाषण म्हणजे या धनगराच्या शहाणपणावरचें भाष्य आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

जतचें नांव घेतल्यावर कित्येकांस हसूं येईल. जेथें पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहण्याचे प्रसंग वारंवार आले, तेथें तळीं कोठलीं आणि वनें कोठलीं? महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे तो पांचशेंच्या आसपास, आणि त्यांतला बराचसा परतीचा. तरीहि, किंबहुना त्यामुळेंच, या तालुक्यांत तळीं आहेत. शहरालगतचा बिरनाळ तलाव आहे, संख आणि दोड्डनाला येथील मध्यम प्रकल्प आहेत, आणि गांवोगांवचे पाझर तलाव आहेत. बनाळीच्या बनशंकरीच्या तर नांवांतच बन आहे. मिरज-पंढरपूर रस्त्याजवळ दंडोबाचा डोंगर व त्यावरील वनखात्याचें रान आहे. थोडें पुढें गेल्यास सागरेश्वरचें अभयारण्य लागतें. तें धों. म. मोहिते यांच्या ध्यासांतून उजाड डोंगरावर माणसांनीं उभें केलेलें वन असून त्यास १९८५ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे पाहण्यासारखें पुष्कळ आहे. मात्र पाहण्याची प्रत्येक जागा निजण्याची जागा नसते, हा भेद प्रथम ध्यानांत धरला पाहिजे.

आतां पहिला प्रश्न हा, कीं जागा कोणाची? तलावाची जमीन बहुधा पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्याची, कुरण वनखात्याचें, आणि काठावरचा हिरवा पट्टा एखाद्या शेतकऱ्याचा असतो. पाणी ओसरेल तसतशी उघडी पडणारी गाळपेर जमीन रिकामी दिसली तरी तींत कोणाचा तरी हरभरा पेरलेला असतो. अभयारण्यांत व व्याघ्रप्रकल्पांत वनखात्याच्या परवानगीवांचून रात्रीं राहतां येत नाहीं. चांदोली हें २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें आहे, तेथें वारणेचा जलाशय कितीहि मोहक दिसला तरी मनास येईल तेथें राहुटी ठोकणें हा गुन्हा होय. म्हणून दिवसाउजेडीं जावें, गांवच्या पारावर गाडी थांबवावी, पोलीस पाटील किंवा सरपंच यांस भेटावें, आणि रानाच्या मालकास विचारावें. तालुक्याच्या पूर्व भागांत कानडीचे दोन शब्द येत असतील तर अर्धें काम झालेंच. या विचारपुशींत केवळ शिष्टाचार आहे असें नव्हे. रात्रीं कोणास कांहीं झालें तर मदतीस धांवून येणारा माणूस हाच असतो. आणि कोणत्या डोहांत उतरूं नये हें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि येथें मला थोडें विस्तारानें बोलावयाचें आहे. आमच्या दुष्काळी भागांतल्या पुष्कळशा पाझर तलावांचा जन्म १९७२ च्या दुष्काळांतल्या कामांतून झाला. ज्या बांधावर बसून आपण चहा पितों, त्याची माती पोटासाठीं बायामाणसांनीं डोक्यावरून वाहिली आहे. पाझर तलावाचें काम पाणी नुसतें सांठविण्याचें नव्हे. तें जमिनींत मुरवून खालच्या बाजूच्या विहिरींस पोंचविण्याचें आहे. म्हणजे तळ्याच्या कांठीं आपण जी घाण करूं, साबणाचा जो फेंस सोडूं, तिचा अंश ज्या विहिरीकडे जातो ती आपणांस दिसत नाहीं इतकेंच. बिरनाळसारख्या तलावाचा तर शहराच्या पिण्याच्या पाण्याशींच संबंध आहे. यास्तव राहुटी पाण्यापासून निदान शंभर पावलें दूर असावी. भांडीं व कपडे तळ्यांत धुवूं नयेत. बादलीनें पाणी वर न्यावें आणि धुतलेलें पाणी झुडुपांखालीं ओतावें. शौचाची जागा तळें, ओढा आणि विहीर या तिहींपासून शंभर पावलांवर असावी. वीतभर खोल खड्डा करावा व तो मातीनें बुजवावा. मंडळी दहांपेक्षां अधिक असतील तर ज्या देवळाजवळ किंवा शाळेजवळ शौचकूप आहे, तेथेंच परवानगीनें उतरावें. पिण्याचें पाणी मात्र घरून न्यावें. दुष्काळी गांवांत पाहुण्यानें पाण्याचा भार होऊं नये.

पाण्याची दुसरी बाजू याहून भयंकर आहे. उन्हाळ्यांत तलावांतला गाळ यंत्रांनीं उपसून शेतांवर नेतात. हें काम उपयुक्त आहे, आणि २०१७ सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेनें त्यास मोठी चालना दिली. परंतु पावसानंतर ते खोल खड्डे पाण्याखालीं दडून जातात. कांठाशीं गुडघाभर पाणी असतें आणि पुढच्याच पावलास पुरुषभर खोली लागते. उरलेल्या काळ्या गाळांत पाय रुतला म्हणजे पोहणाराहि घाबरतो. डाळिंब-द्राक्षांच्या बागांतलीं शेततळीं तर याहून फसवीं. त्यांच्या उताराला गुळगुळीत प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यावरून घसरत आंत जाणें सोपें. ओल्या हातापायांनीं वर येणें चांगल्या धडधाकट माणसासहि अशक्य होतें. एक बुडतो आणि त्याला काढावयास गेलेला दुसराहि बुडतो, अशा बातम्या दर उन्हाळ्यांत आपण वाचतों. म्हणून माझा नियम असा, कीं मुलें बरोबर असतील तर शेततळ्याजवळ मुक्काम करूंच नये. आणि तलावाजवळ केल्यास एक लांब दोर व हवा भरलेली मोटारची रबरी नळी हाताशीं ठेवावी. कोणी बुडूं लागल्यास उडी घालूं नये, दोर फेंकावा. मुलें पाण्याशीं असतांना एका वडील माणसानें दुसरें कांहींहि न करतां त्यांच्याकडे पाहत बसावें. हातांतला मोबाइल त्यानें खिशांत टाकावा.

तिसरा प्रश्न भूमीचा. तळ्याच्या अगदीं कांठची सखल जागा पहाटे सर्वांत थंड व दमट असते, कारण थंड हवा जड होऊन खोलगट भागांत उतरते. तेथून दहा-पंधरा फूट उंचीवर गेलें तरी अंथरुण कोरडें राहतें आणि डांसहि कमी होतात. काळी जमीन टाळावी. थोड्याशा पावसानें तिचा चिखल होतो व गाडी रुतते. मुरुमाचा हलका उतार उत्तम. कोरडा ओढा म्हणजे निजण्यास मऊ वाळूचें अंथरूण असें नवख्यास वाटतें. परंतु चार कोसांवर झालेल्या पावसाचा लोंढा आपल्या डोक्यावर चांदणें असतांनाहि येऊं शकतो. तसेंच तलावाच्या सांडव्यासमोर आणि बांधाच्या पायथ्याशीं कधीं राहूं नये. हिंवाळ्यांत आमच्याकडे रात्रीचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. राहुटीचें तोंड त्या दिशेस नसावें. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी.

चौथा प्रश्न झाडांचा. सांवलीसाठीं वड, चिंच किंवा कडुनिंब उत्तम; पण निजण्यापूर्वीं वर पाहण्याची संवय लावून घ्यावी. वाळलेली मोठी फांदी डोक्यावर नको, आणि आग्या माश्यांचें मोहोळ तर मुळींच नको. वडाच्या फांदीला काळा, हात-दीड हात लांबीचा, सुपासारखा पोळा लोंबत असेल तर त्या झाडापासून दूर जावें. खालीं चूल पेटली आणि धूर वर गेला कीं माश्या उठतात, आणि मग पळण्यास वाट नसते. वेड्या बाभळींच्या झाडींत राहुटीचें कापड व मुलांचे पाय दोन्ही फाटतात. माळावरचें एकटें उंच झाड वळीवाच्या व परतीच्या पावसांत विजेला निमंत्रण देतें. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने याच कारणानें आमच्याकडे मुक्कामास वर्ज्य समजावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काल. ढग गडगडूं लागल्यास राहुटी सोडून पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत बसावें. राहुटीचें कापड विजेपासून रक्षण करीत नाहीं.

सर्पांविषयीं अवास्तव भीति नको, पण अज्ञानहि नको. दगडांच्या ढिगांत फुरसें, गवतांत घोणस, आणि रात्रीं निजलेल्या माणसाच्या अंथरुणाशीं येणारा मण्यार, हे आमच्या रानांतले रहिवासी आहेत. मण्याराचा दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं, म्हणून तो अधिक घातक. तळाचें कापड शिवलेली व नीट बंद होणारी राहुटी घ्यावी, दगडांच्या कुंपणाशीं ती ठोकूं नये, आणि सकाळीं जोडे झटकून घालावेत. दंश झाल्यास कापणें, चोखणें, घट्ट बांधणें हे उपाय सोडून द्यावेत. अवयव न हालवितां रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें. तांबड्या विंचवाच्या दंशावरहि आतां औषध आहे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अनेकांचे प्राण वांचले आहेत. म्हणून जागा निवडतांना मनाशीं एक हिशेब करावा : येथून जतचें ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचें दुसरें रुग्णालय किती मिनिटांवर आहे, आणि येथें मोबाइलला १०८ क्रमांक लागतो काय? उत्तर समाधानकारक नसेल तर कितीहि सुंदर जागा सोडून द्यावी. मुक्काम गांवाजवळ असण्याचा मोठा लाभ तो हाच.

शेवटचा प्रश्न शेजाऱ्यांचा. संध्याकाळीं व पहाटे गुरें-मेंढरें पाणवठ्यावर येतात, आणि त्याच वेळीं पांखरेंहि उतरतात. ती वाट अडवून राहुटी ठोकली तर तहानलेलें जनावर दूरच उभें राहतें, आणि त्याचा मालक संकोचानें कांहीं बोलत नाहीं. तेव्हां खुरांच्या खुणा पाहून ती वाट मोकळी ठेवावी. गाणें वाजविण्याचें यंत्र घरीं ठेवावें. लांकूडफांटा रानांतून तोडूं नये. आमच्याकडे एक काटकीहि कोणाच्या तरी चुलीची असते. छोटी गॅसची शेगडी न्यावी. शेकोटी पेटवावयाचीच तर उघड्या मुरुमावर, दगडांच्या वर्तुळांत, लहानशी पेटवावी, आणि निजण्यापूर्वीं तींत पाणी ओतून राख हातास गार लागेपर्यंत ढवळावी. फेब्रुवारींतलें वाळलेलें कुरण एका ठिणगीनें जळतें. आणि तें जळालें म्हणजे पुढच्या पावसापर्यंत मेंढ्यांनीं काय खावें, हा प्रश्न ठिणगी टाकणाऱ्यास पडत नाहीं, धनगरास पडतो.

या सर्व गोष्टी एकदम साधणारी जागा सांपडणें कठीण असतें, हें मी जाणतों. अशा वेळीं क्रम लावावा. प्रथम जिवाची निश्चिती, नंतर मालकाची संमति, मग पाण्याचें पावित्र्य, आणि सर्वांच्या शेवटीं देखावा. आपण बहुधा याच्या उलट क्रमानें जातों, म्हणजे चित्र पाहून भुलतों आणि बाकीचें तेथें गेल्यावर पाहूं म्हणतों. शहरवासी कुटुंबांना माझी विनंती एवढीच, कीं येत्या सुटींत मुलांना बरोबर घेऊन आधीं दिवसा एक फेरी करावी व जागा मुलांनाच पारखूं द्यावी. पाणी कोठून येतें, कोठें जातें, वारा कोणीकडचा, झाडावर काय आहे, रान कोणाचें, हे प्रश्न त्यांनीं विचारावेत आणि गांवकऱ्यांनीं त्यांचीं उत्तरें द्यावींत. भूगोलाचा असा पाठ वर्गांत बसून देतां येत नाहीं. आणि निघतांना राहुटीच्या जागीं दबलेल्या गवतावांचून दुसरी कोणतीहि खूण राहिली नाहीं, तर तोच शेतकरी पुढल्या वर्षीं आपण होऊन विचारील, ‘औंदा पोरं आली न्हाईत व्हय?’ ज्या जागीं असें बोलावणें येईल, ती जागा आपण बरोबर निवडली होती असें समजावें.