जुने फोटो: आधी नावे, मग स्कॅनर

घरातील जुन्या फोटोंच्या डिजिटल प्रती करण्याचे काम फोटोतील माणसांची नावे लिहून घेण्यापासून सुरू करावे. बऱ्या अवस्थेतला कृष्णधवल फोटो अजून वीस वर्षे टिकेल आणि तेव्हाही स्कॅन होईल. पण मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारी ऐंशी वर्षांची आजी तेव्हा नसेल. वणी तालुक्यातील राजूरसारख्या गावात हे अधिकच खरे ठरते. कोळशाच्या खाणीमुळे आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे येथे दूरदूरहून कुटुंबे आली, स्थिरावली, आणि पुढची पिढी वणी, चंद्रपूर, नागपूर, पुणे अशी पांगली. एकाच लग्नाचे फोटो आज चार गावांतल्या चार पेट्यांत पडलेले असतात आणि त्यातली निम्मी माणसे प्रत्येक घराला अनोळखी झालेली असतात.

नावे नोंदवताना ‘आजी’, ‘मोठे काका’ असे लिहून भागत नाही. पुढच्या पिढीला ती आजी कोणाची, हे कळत नाही. पूर्ण नाव, गाव आणि नाते लिहावे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे हवीतच, कारण लग्नात आडनावासोबत पाळण्यातले नावही बदलण्याची रीत अनेक घरांत होती. लग्नाआधीच्या फोटोतली मुलगी आणि नंतरच्या फोटोतली सून एकच आहे, हे केवळ या नोंदीवरून समजते. घरात रूढ असलेले लाडाचे नावही टिपावे. नातेवाईक पुष्कळदा त्याच नावाने माणूस ओळखतात.

साल विचारले की वडीलधाऱ्यांना ते सहसा सांगता येत नाही, पण प्रसंग सांगता येतो. म्हणून प्रश्न तसाच विचारावा: १९७२च्या दुष्काळाआधीचा की नंतरचा? खाण सरकारी झाली तेव्हाचा का? कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले, त्यामुळे खाणकामगारांच्या घरात ही खूण पक्की सापडते. फोटोचा आकारही मदत करतो. चौकोनी, पांढऱ्या कडांचा छोटा कृष्णधवल फोटो बहुधा १२० नंबरच्या रोलवरचा, ॲगफा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याने काढलेला असतो. बोलणे चालू असताना मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर लिहिताना सुटलेले नंतर भरून काढता येते.

काही फोटोंचे मोल घरापुरते नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसांतला एखादा फोटो, किंवा खाणीच्या जुन्या चाळीचा, संपाचा, भट्टीवर काम करणाऱ्या बायांचा फोटो पेटीत निघाला, तर तो या भागाच्या इतिहासाचा पुरावा आहे. मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ने घरोघरचे फोटो आणि त्यांमागची हकिकत एकत्र मांडून हेच दाखवून दिले आहे. तिथेही फोटोला अर्थ येतो तो सोबतच्या मजकुरामुळे.

स्कॅनिंगसाठी दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम. हवा कोरडी असते आणि सणाला नातेवाईकही जमलेले असतात. पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलावा शोषून चिकट होतो, बुरशी धरतो. राजूरच्या हवेतली कोळशाची आणि चुन्याची बारीक धूळ हा वेगळाच प्रश्न आहे. ती कापडाने पुसली की कण घासले जाऊन चेहऱ्यावर ओरखडे उठतात. ओले फडके लावले तर थरच निघून येतो. रबरी फुग्याच्या पंपाने हवा मारावी, मग मऊ, कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झटकावे, त्यापुढे जाऊ नये. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. लॅमिनेशन तर करूच नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात स्कॅनर मिळतो, पण तो कागदपत्रांसाठी कमी रिझोल्यूशनवर लावलेला असतो. दुकानदाराला ६०० डीपीआय, रंगीत, असे स्पष्ट सांगावे. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करावा, म्हणजे कागदाचा पिवळटपणा आणि शाईचे शिक्के नीट उमटतात. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० डीपीआय बरे. कागद आत ओढून घेणाऱ्या यंत्रात जुना फोटो कधीही घालू नये. काचेवर पालथा ठेवावा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा चार ओळी असतील तर तीही बाजू स्कॅन करावी. निगेटिव्ह सापडल्या तर त्या फोटोपेक्षा मोलाच्या. त्यांना आरपार प्रकाश सोडणारा स्कॅनर लागतो. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो: खिडकीशी सावलीतला उजेड, फ्लॅश बंद, फोटो सपाट आणि मोबाइल त्याला समांतर.

चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. टिफ स्वरूपात त्याची फाइल सुमारे २६ एमबीची, जेपीजीत काही एमबीची. महत्त्वाच्या फोटोंची टिफ प्रत राखावी, कारण जेपीजी दर वेळी बदल करून जतन केली की तपशील थोडा थोडा घटतो. फाइलचे नाव साल, गाव, प्रसंग या क्रमाने द्यावे. फिकट फोटो उजळायचा किंवा रंगवायचा असेल तर तो दुसऱ्या प्रतीवर. कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप पुसट चेहऱ्यावर नाक-डोळे आपल्या अंदाजाने भरतात. पणजोबांचा म्हणून जपला जाणारा चेहरा मग त्यांचा राहत नाही. अशा प्रतीच्या नावातच ‘सुधारित’ असे लिहावे.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की तो आकसतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो. संपूर्ण संच द्यायचा तर सामायिक ऑनलाइन फोल्डर किंवा पेनड्राइव्ह सोयीचा. प्रत्येक फोटोसोबत नावांची यादी जावी, आणि ज्यांची ओळख पटलेली नाही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. चुलत घराण्यातला कोणीतरी ती जागा भरतो. अंत्यदर्शनाचे, मोडलेल्या लग्नाचे किंवा आजारपणातले फोटो मोठ्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्या घरच्यांना विचारावे. मूळ फोटो कोणाकडे राहणार यावरून भावाभावांत धुसफूस होते. डिजिटल प्रत सर्वांना मिळाली की हा तिढा बराचसा सुटतो. मूळ फोटो ज्या घरी राहील त्याची नोंद यादीत असावी.

प्रती तीन असाव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी किंवा ऑनलाइन. एकटा पेनड्राइव्ह भरवशाचा नाही. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, तीही ईमेलसकट. वरच्या आकाराच्या टिफ फाइली त्यात साडेपाचशेच्या आसपासच मावतील. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते सामग्रीसह काढून टाकण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. म्हणून खात्याची चावी घरातल्या किमान दोघांकडे असावी, आणि खाते बराच काळ वापरले न गेल्यास त्यातली सामग्री कोणाला मिळावी, हे त्याच्या सेटिंगमध्ये आधीच नोंदवावे.