‘तुम्ही’चे ‘तू’ होताना : कोरियन मालिका आणि त्यांची उपशीर्षके

कोरियन, चिनी किंवा जपानी मालिका कोणत्या सेवेवर पाहावी, हा प्रश्न वरवर सोयीचा आणि वर्गणीचा वाटला, तरी त्या भाषा न येणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो मुळात भाषांतराचा प्रश्न आहे. पडद्याच्या तळाशी संवादाबरोबर उमटणाऱ्या ओळींना उपशीर्षके किंवा रूढ भाषेत सबटायटल म्हणतात, आणि प्रेक्षकाला हवा तेव्हा कार्यक्रम इंटरनेटवरून दाखवणाऱ्या सेवांना स्ट्रीमिंग सेवा. यांपैकी दुसरी गोष्ट निवडताना पहिलीचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत विवेचनात मुख्यतः कोरियन मालिकांचा विचार केला आहे, कारण या दोन गोष्टींचे नाते तेथे सर्वांत स्पष्ट दिसते.

एखादी मालिका एका देशात दिसते आणि दुसऱ्या देशात दिसत नाही, याचे कारण प्रक्षेपणहक्कांच्या व्यवहारात आहे. हे हक्क बहुधा देशवार आणि ठरावीक मुदतीसाठी विकले जात असल्यामुळे मुदत संपली की मालिका त्या सेवेवरून उतरते. केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या कोरियातील तीन मोठ्या वाहिन्यांनी मिळून 2017 मध्ये ‘कोकोवा’ ही सेवा सुरू केली, ती प्रथम अमेरिकेतील प्रेक्षकांसाठी. त्यामुळे न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाने सुचवलेली सेवा पुण्यातील नातेवाइकांकडे उघडेलच असे नाही. ‘जस्टवॉच’सारख्या शोधसाधनात आधी देश निवडावा लागतो तो यासाठीच. दुसरी अडचण नावांची आहे. 2003 साली एमबीसीवर सुरू झालेली, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून वैद्यकीपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रीची 54 भागांची ‘देजांगगम’ ही मालिका जगभर ‘ज्वेल इन द पॅलेस’ या नावाने गेली, आणि ही दोन्ही नावे ठाऊक नसतील तर शोध अर्ध्यावरच थांबतो.

हक्कांहून अधिक अस्थिर असते ती खुद्द सेवा. 2009 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली ‘ड्रामाफीव्हर’ ही इंग्रजी उपशीर्षकांसह कोरियन मालिका दाखवणाऱ्या आरंभीच्या मोठ्या सेवांपैकी एक होती. 2014 मध्ये ती सॉफ्टबँकेकडे आणि 2016 मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे गेली, आणि 16 ऑक्टोबर 2018 रोजी ती बंद करण्यात आली. अशा वेळी मालिका पुढेमागे दुसरीकडे सापडते, पण तिच्यासाठी कोणी विचारपूर्वक केलेले भाषांतर तिच्यासोबत तेथे जाईलच याची शाश्वती नसते, आणि ही हानी कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

या पार्श्वभूमीवर ‘विकी’ या सेवेची कार्यपद्धती बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘व्हिडिओ’ (video) आणि ‘विकी’ (wiki) या शब्दांच्या संयोगातून तिचे नाव (Viki) घडले असून तिची सुरुवात 2007 मध्ये झाली. 2013 मध्ये राकुतेन या जपानी कंपनीने ती विकत घेतली. तेथील उपशीर्षकांचा मोठा भाग स्वयंसेवकांनी घडवला आहे. संवाद कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे ऐकून चित्रफितीचे लहान लहान तुकडे पाडणारे वेगळे, मूळ भाषेतून इंग्रजीत आणणारे वेगळे, इंग्रजीतून फ्रेंच, स्पॅनिश, अरबी अशा भाषांत नेणारे वेगळे, आणि प्रत्येक भाषेवर देखरेख ठेवणारा संपादक वेगळा, अशी ही विभागणी असते, तर कोणत्या भाषेत किती टक्के काम झाले आहे हे मालिकेच्या पानावर सर्वांना दिसते. या श्रमाचा मोबदला पैशांत मिळत नाही; ठरावीक काम करणाऱ्यांना सशुल्क सेवा मोफत पाहता येते, इतकेच. खासगी कंपनीने अशा श्रमावर उभे राहावे की नाही, हा गंभीर प्रश्न आहे. तरीही या स्वयंसेवकांनी भाषांतरात मूळ संबोधने जपण्याचा जो आग्रह धरला, तो वाखाणण्याजोगा आहे.

या आग्रहाचे मोल कळण्यासाठी कोरियन भाषेची एक रीत समजून घ्यावी लागते. तिच्यात आदराने बोलण्याची एक पद्धत आहे, तिला जोनदेनमाल म्हणतात, आणि सलगीने बोलण्याची दुसरी, ती बानमाल. क्रियापदाचे शेवटचे रूपच यानुसार बदलते आणि मराठीप्रमाणे क्रियापद वाक्याच्या अखेरीस येत असल्यामुळे नात्याचा निवाडा शेवटच्या अक्षरापर्यंत लांबतो. दोन व्यक्तींनी आदराची भाषा सोडून सलगीची धरणे याला ‘बोलणे खाली ठेवणे’ अशा अर्थाचा खास वाक्प्रयोग आहे, आणि प्रेमकथेत तो क्षण कित्येकदा कबुलीइतकाच महत्त्वाचा असतो. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्ही पद्धतींना एकच सर्वनाम असल्याने तो क्षण ओळीतून निसटतो. मराठीत मात्र ‘तुम्ही’चे ‘तू’ होताच तो जसाच्या तसा उतरतो. याउलट ‘ओप्पा’ या शब्दापाशी मराठी भाषांतरकार अडेल, कारण स्त्री हा शब्द सख्ख्या थोरल्या भावासाठी वापरते, वयाने मोठ्या मित्रासाठी वापरते आणि प्रियकरासाठीही वापरते, आणि तिसऱ्या ठिकाणी ‘दादा’ लिहिले तर दृश्याचा अर्थच उलटा होईल. तेथे ‘ओप्पा’ तसाच ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग दिसतो. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशानेही 2021 मध्ये स्वीकारलेल्या 26 कोरियन शब्दांत त्याला जागा दिली.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेमुळे आणखी एक भेद लोकांच्या ध्यानी आला. इंग्रजी ओळींचे दोन पर्याय असतात. एक मूळ कोरियन संवादाचे भाषांतर, आणि दुसरा, कर्णबधिरांसाठी म्हणून दिलेला, इंग्रजी ध्वनिमुद्रणाच्या संहितेला अनुसरणारा. ओठांच्या हालचालींशी जुळावे म्हणून ही संहिता मूळ अर्थापासून पुष्कळदा दूर जाते, म्हणून मूळ आवाज ऐकणाऱ्याने पहिला पर्याय निवडणे इष्ट ठरते.

मराठी प्रेक्षक या मालिका बहुधा इंग्रजी उपशीर्षकांतून किंवा हिंदी ध्वनिमुद्रणातून पाहतो. उद्या मराठी उपशीर्षके इंग्रजीवरून तयार झाली, तर कोण कोणाला ‘अहो’ म्हणते आणि कोण ‘अरे’, हे भाषांतरकाराला अंदाजाने ठरवावे लागेल, कारण ती माहिती इंग्रजीत पोहोचण्याआधीच गळलेली असेल. त्यामुळे तो निदान मूळ आवाज ऐकून वाक्याचा शेवट ओळखण्याइतकी कोरियन शिकलेला असावा, आणि त्याचे नाव भागाच्या अखेरीस, अभिनेत्यांच्या नावांइतक्याच ठळकपणे, पडद्यावर यावे.