मे महिन्यात कोण येणार?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘कॉलेजचे विद्यार्थी आणि समाजसेवा’. जन्मभर पाऊण तासाच्या तासिका घेतलेल्या बाईला दहा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच संपायची. तेव्हा थेट विषयाला हात घालते.

कॉलेजात मराठी शिकवताना काही वर्षं मी राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे आपल्या एनएसएसची, कार्यक्रम अधिकारी होते. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास काम करायचं, दोन वर्षांत 240, शिवाय एक सात दिवसांचं शिबिर. शर्टाला जो बिल्ला लावतात त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चक्र असतं. त्याच्या आठ आऱ्या म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला हजर. बिल्ल्यावर चोवीस तास आणि डायरीत एकशे वीस! ही गंमत माझ्या लक्षात यायला बराच काळ लागला, आणि ती लक्षात आणून दिली आपल्याच बी विंगमधल्या गुरुजींनी.

जुन्या मंडळींना ते आठवत असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, काचबिंदूने नजर अगदी मंदावलेली. त्यांना पेपर वाचून दाखवायला मी आमच्या मुलांची पाळी लावली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी, दोघं-दोघं यायची. जुलैत सुरुवात झाली. गुरुजी अग्रलेख दोनदा वाचून घ्यायचे आणि ‘श’ला ‘स’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवायचे. मुलं कंटाळतील असं मला वाटलं होतं, पण काहीजण पाळी नसतानाही यायला लागली. काकूंच्या पोह्यांचाही त्यात वाटा असावा.

फेब्रुवारीत तास भरले. मी डायऱ्या तपासल्या, सह्या केल्या, अहवाल पाठवला. त्यात ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी वाचन उपक्रम यशस्वीरीत्या पूर्ण’ असं वाक्य मीच लिहिलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी भाजी घेऊन येताना गुरुजी जिन्यात भेटले. पावलांच्या आवाजावरून ओळखायचे. म्हणाले, “प्राध्यापकबाई, मुलांच्या परीक्षा संपल्या नाहीत का हो अजून?”

मी म्हटलं, “नाही ना, लांबल्यात यंदा.”

तसं धडधडीत खोटं मी क्वचितच बोलले असेन. नंतर काकूंकडून कळलं, मंगळवारी-शुक्रवारी पाच वाजले की ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

त्यात मुलांची चूक नव्हती. कामाला शेवट आहे असं त्यांना मीच शिकवलं होतं. जूनपासून मी पद्धत बदलली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलं एकत्र जोडली, म्हणजे एक गेला तरी दुसरा माहीतगार उरतो. परीक्षेत आणि सुट्टीत जवळपास राहणाऱ्यांची नावं आधीच लिहून ठेवली. त्या सुट्टीतल्या तासांची नोंद कुठे होत नसे, तरी मुलं यायची. गुरुजी गेले तोवर त्यांचा पेपर पुन्हा चुकला नाही.

लोक म्हणतात, ही मुलं दहा मार्कांसाठी येतात. येऊ देत की! पहिल्या दिवशी मीसुद्धा प्राचार्यांनी सांगितलं म्हणूनच गेले होते.

रक्तदानाचंही असंच आहे. शिबिरं भरतात कॉलेजं सुरू असताना. मग परीक्षा येतात, मुलं गावी जातात आणि नेमका उन्हाळ्यात रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. जानेवारीत भरपूर घेऊन मेपर्यंत साठवता येत नाही. रक्त फार तर 35 ते 42 दिवस टिकतं, त्यातल्या प्लेटलेट्स पाचच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्याला कुठली आलीय उन्हाळी सुट्टी? पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. म्हणजे सगळ्यांनी 26 जानेवारीलाच गर्दी करण्यापेक्षा पाळीपाळीने दिलं तर वर्षभर पुरतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता कॉलेजही संपवून नोकऱ्या करतायत. त्यांच्या मागची फळी आज कॉलेजात आहे. आणि आपण, त्यांचे आईबाप, हळूहळू गुरुजींच्या वयाला पोचतोय. आजही तीन विंगमध्ये मिळून एकटी राहणारी सात ज्येष्ठ मंडळी मला माहीत आहेत. कुणाला बँकेत सोबत हवी असते, कुणाला मोबाइलवरचं लाइट बिल भरून हवं असतं.

कमिटीच्या परवानगीने मी वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवली आहे. एका बाजूला ज्यांना मदत हवी त्यांनी लिहायचं, दुसऱ्या बाजूला ज्यांना वेळ आहे त्यांनी. प्रत्येक महिन्याला एक पान. जून ते फेब्रुवारीची पानं आत्ताच बरीचशी भरलीत. एप्रिल आणि मे कोरे आहेत. जाताना जरा बघा. पेन दोऱ्याने बांधलंय, ते कृपा करून घरी नेऊ नका.