चित्रं सुंदर आहेत हो, पण खेळ कसा आहे?



सावंतवाडीची गंजिफा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. गोल पत्ते, लाखेची झिलई, वर मत्स्य, कूर्म, वराह. आणि पाहिली असेल ती बहुधा काचेच्या चौकटीत, कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या भिंतीवर. दशावतारी गंजिफेचे पत्ते १२०. दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते: राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा. खेळायची रीत मोठी मजेची आहे. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात आहे त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे आहे त्याची. रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातली खुबी लगेच कळेल. शिवाय पाच अवतारांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. म्हणजे खेळणाऱ्याला डोकं दोन्ही बाजूंनी चालवावं लागतं. हे सगळं कुणीतरी विचार करून बसवलेलं आहे, आणि भिंतीवर टांगलेल्या गंजिफेत त्यातलं काहीही दिसत नाही.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. मुलगा खेळत असतो, आपण मागून डोकावतो आणि म्हणतो, "वा, ग्राफिक्स काय सुरेख आहेत!" किंवा म्हणतो, "काय ती सारखी मारामारी!" दोन्ही वेळा आपण चित्रच पाहिलेलं असतं.

मी बंगळुरात नोकरी करते. पट्टीची खेळाडू मुळीच नाही. रात्री स्वयंपाकघर आवरलं की तासभर खेळते, आणि गेम फार अवघड झाला तर सरळ 'सोपं' हा पर्याय निवडते. त्यात कमीपणा कसला? पण कुठलाही गेम समोर आला की मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हा माझ्या हातांकडून काय करवून घेतोय? आज तुम्हालाही हाच प्रश्न घेऊन काही खेळ बघायला सांगणार आहे.

सुरुवात सोप्यापासून, म्हणजे इडलीपासून करू. 'वेंबा' नावाचा छोटा गेम २०२३ च्या जुलैमध्ये आला. टोरंटोतल्या विसाई गेम्सने केलेला, आणि पुढच्या वर्षी पदार्पणासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळवलेला. गोष्ट एका तमिळ कुटुंबाची आहे. १९८० च्या दशकात ते कॅनडात जातात. वेंबा ही घरातली आई. तिच्याजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण ती फाटलेली, डागाळलेली, मधले शब्द उडालेले. सगळा गेम एवढाच: ती वही वाचून रांधायचं. ओट्यावर इडलीपात्राचे साचे असतात आणि ते कसे रचले म्हणजे वाफ वरच्या इडल्यांपर्यंत पोचेल, हे आपल्याला हाताने करून बघावं लागतं. चुकलं तर ओरडा नाही, पुन्हा मांडा. रांधायला घेतलं की रेडिओ लागतो. त्यावरची गाणी त्या त्या काळातल्या तमिळ चित्रपटसंगीताच्या वळणाची, पण या गेमसाठी नव्याने केलेली. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला फार बरं वाटतंय.

आता बघा, हातांना काय काम दिलंय. परमुलखात गेलेल्या बाईची कहाणी सिनेमात सांगायची तर खिडकीबाहेरचा बर्फ दाखवतील, व्हायोलिन वाजवतील. इथे तुम्हाला आठवावं लागतं. अर्धवट ओळ वाचून "इथे काय बरं असेल?" असा विचार स्वतः करावा लागतो. आणि पुढे एके ठिकाणी वेंबा घरापासून दूर राहणाऱ्या मुलासाठी भला मोठा बेत करते. एकामागून एक पदार्थ तुम्हीच करता, चांगला वेळ घालवून करता. मुलगा येत नाही. त्या क्षणी मला तिची दया आली नाही, मला राग आला, कारण रांधलं होतं मी. कादंबरीत हा राग मला आला नसता. 'खेळाची कला' म्हणतात ती अशी ठिकाणं दाखवून समजावता येते, व्याख्या देऊन नाही.

आता मोठ्या, खर्चिक गेमकडे वळू, आणि तोही आमच्याच कर्नाटकातला. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी', साल २०१७, कॅलिफोर्नियाच्या नॉटी डॉग कंपनीचा. क्लोई नावाची नायिका, वडील भारतीय. ती पश्चिम घाटात गणपतीचा सुळा शोधते आहे, आणि वाटेत लागतात होयसळांची शहरं, बेलूर आणि हळेबीडू. तीही हरवलेली! आता बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ पासून तिथेच उभं आहे. बंगळूरहून सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचता. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीतही ते आलं. ते हरवलेलं नाही हे सांगायला कॅलिफोर्नियाला कुणी नसावं.

पण ही थट्टा बाजूला ठेवली तर तुलना करण्यासारखी आहे. होयसळ मंदिर तुमच्याकडून काय करवून घेतं? प्रदक्षिणा. देऊळ ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यावर आहे, त्यामुळे दर दोन पावलांवर भिंत वळते. तळाशी हत्तींची रांग, तिच्यावर सिंह, मग घोडेस्वार, मग रामायण-महाभारतातले प्रसंग नजरेच्या उंचीला. दगड मऊ, शंखजिऱ्याच्या जातीचा, म्हणून नखाएवढ्या दागिन्यातही नक्षी. माणूस आपोआप हळू होतो, वाकतो, मागे येतो, पुन्हा बघतो. गेममध्ये हीच शिल्पकला कैक पटींनी फुगवली आहे. कड्यांतून गणपती निघतात, सोंडेवरून धबधबे पडतात. आणि आपण करतो काय? चढतो. देवाच्या खांद्याला लोंबकळतो. बघायला उसंत नाही, कारण बोटं पुढची खाच शोधत असतात.

तरी त्यात एक जागा अशी आहे की तिथे मी मनातल्या मनात टाळी दिली. एकदंताची कथा आपल्याला माहीत आहे. परशुरामाने शिवाची कुऱ्हाड फेकली, आणि वडिलांच्या शस्त्राचा अपमान नको म्हणून गणपतीने तो घाव दातावर घेतला. गेममध्ये कुऱ्हाडी घेतलेले प्रचंड पुतळे उभे आहेत, मधून चौथऱ्यांवर उड्या मारत जायचं. तुम्ही उडी मारली की तेही वळतात आणि कुऱ्हाड फिरवतात, तुम्ही थांबलात की तेही थांबतात. म्हणजे प्रत्येक घाव तुमच्याच पावलाने ओढवून घेतलेला. कथा फक्त भिंतीवर कोरून ठेवली नाही, ती पायाखाली आणली. याच गेममध्ये ११ होयसळ नाणी हुडकायचं एक काम आहे, ते मात्र निव्वळ वेळकाढू. पर्यटकाला स्टॅम्प गोळा करायला लावावेत तसलं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. आपल्याकडच्या मंडळींनी केलेला म्हणून त्याला सांभाळून घ्यायची गरज नाही, चांगला आहे तिथे चांगला आहे. राजी सर्कशीत कसरती करणारी पोर. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट वरून बघत आपसात बोलतात, आपल्याकडच्या सूत्रधारांसारखे. रंग पहाडी चित्रांचे, वाडे राजस्थानी. पण मला आवडलं ते तिचं चालणं. ती भिंतीवरून पळते, खांबाला धरून गरकन फिरते, आणि तीच गिरकी लढाईत हत्यार होते. मुलगी कोण आहे हे संवादातून नाही, बोटांतून कळतं. दुःख एवढंच की लढाया एकसुरी आहेत. चौक बंद होतो, राक्षस उगवतात, सगळे मेले की दार उघडतं, पुढच्या चौकात पुन्हा तेच. आणि शेवट असा अवचित येतो की वीज गेली की काय असं वाटावं.

घरातल्या पोरांचं काय, असं तुम्ही म्हणाल. ती तर बीजीएमआय खेळतात. ज्या क्राफ्टन कंपनीचा तो खेळ, तिचं भारतातलं कार्यालय इथे बंगळुरातच आहे. माझा भाचा त्यात बुडालेला असतो. त्यातल्या बंदुका सोडा, नकाशावरचं वर्तुळ बघा. शंभर खेळाडू भल्यामोठ्या बेटावर उतरतात, आणि सुरक्षित वर्तुळ, म्हणजे 'झोन', दर काही मिनिटांनी लहान होत जातं. लपून राहणाऱ्यालाही शेवटी उठावंच लागतं. या एका नियमावर डावाची सुरुवात संथ, मधला भाग धाकधुकीचा आणि शेवट श्वास रोखायला लावणारा होतो. पुढच्या वेळी पोराला "बंद कर" म्हणायच्या आधी "झोन कुठे आलाय?" एवढं विचारून बघा. तो चमकून तुमच्याकडे बघेल.

बंगळूरची या धंद्यातली जागा थोडी वेगळी आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी इथे १९९७ मध्ये सुरू केली. तेव्हा मॅजेस्टिकच्या नॅशनल मार्केटात गेमच्या सीडी ढिगाने मिळत, त्यातल्या बहुतेक चोरीच्या. ध्रुवच्या चित्रकारांनी परदेशी कंपन्यांसाठी काम केलं. 'फोर्झा' या शर्यतीच्या मालिकेतल्या गाड्या घडवण्यात त्यांचा हात होता. २०१९ मध्ये रॉकस्टार या परदेशी गेम कंपनीने ध्रुव विकत घेतली आणि आपल्या इथल्या स्टुडिओत मिळवली. त्याआधीच, २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' वर रॉकस्टार इंडियाची माणसं राबली होती. शेवटची श्रेयनामावली सरकू लागली की ती शेवटपर्यंत बघायची सवय लावून घ्या. आपली आडनावं सापडतात.

आणि तो 'रेड डेड' गेम बघा कसा आहे. अमेरिकेतला दरोडेखोर, १८९९ साल. घर लुटायचं तर एकेक खण हाताने उघडायचा, एकेक वस्तू उचलायची. बंदूक पुसायची, दाढी वाढते ती करायची, घोड्याला थोपटायचं. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक याला कंटाळून सोडून गेले. मला तो संथपणाच आवडतो. त्यात दिवस जातो, सूर्य कलतो, कॉफी उकळते, आणि टोळीचे दिवस भरत आलेत हे घड्याळ न बघता कळतं.

म्हणूनच सगळं जग ज्याची वाट बघतंय त्या रॉकस्टारच्याच 'जीटीए ६' बद्दल माझी उत्सुकता जरा वेगळी आहे. आधी २०२५ ची अखेर म्हणाले, मग २६ मे २०२६, आणि मग जाहीर केली ती तारीख १९ नोव्हेंबर २०२६. झलकेत समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी, घामेजलेली कातडी, केसांची प्रत्येक बट दिसते. त्याचं कौतुक आहेच, त्यात बंगळूरच्या रात्रपाळ्याही गेल्या असतील. पण त्या शहरात नुसतं उभं राहिलं, काहीच केलं नाही, तर शहर माझ्याशी काही बोलेल का? त्याचं उत्तर झलकेत मिळत नाही.

याचं उत्तर मला २०२५ च्या एका चिमुकल्या गेममध्ये मिळालं, 'देस्पेलोते'. इक्वेडोरची राजधानी कितो, २००१ साल, देश पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरायच्या बेतात. तुम्ही लहान मुलगा. हातात काम एकच, पायाने चेंडू मारणं. जिंकायचं काही नाही. तुम्ही बागेत चेंडू बडवता आणि कानांवर मोठ्या माणसांची बोलणी पडतात: पैसे, राजकारण, आजचा सामना. अर्धं समजतं, अर्धं नाही, लहानपणी असतं तसंच. हा गेम डोळ्यांपेक्षा कानांनी खेळावा. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर किंवा सदाशिव पेठेतल्या बोळात असा गेम कुणी करेल त्या दिवशी मी रांगेत पहिली असेन.

गाजलेल्या नव्या खेळांबद्दल दोन शब्द. 'सिल्कसाँग' सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा खरेदीच्या झुंबडीने स्टीमचं ऑनलाइन दुकान काही काळ कोलमडलं. माझ्या बोटांना तो झेपत नाही, पण मेल्यावर पुन्हा चालत यायची वाट किती लांब ठेवावी याचा विचार त्यात बारकाईने केलाय. फ्रान्सच्या 'क्लेअर ऑब्स्क्यूर' ला डिसेंबर २०२५ मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून गौरवलं गेलं. त्यात शत्रूचा घाव ठेक्यावर चुकवावा लागतो. तबल्याची सम ज्याच्या कानात आहे त्याला ते बरं जमेल.

माझ्या रात्री सध्या 'ब्लू प्रिन्स' कडे आहेत. एक वाडा, ४५ खोल्यांचा. प्रत्येक दाराशी तीन नकाशे समोर येतात, त्यातली एक खोली निवडून तुम्हीच वाडा बांधत जायचा. दिवसाची पावलं मोजकी, आणि दुसऱ्या दिवशी सगळा वाडा पुसलेला. शोधायची आहे ती ४६ वी खोली. वही-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, आणि माझी वही बरीच भरलीय. ती खोली मला अजून सापडलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडली असेल तर अभिनंदन, पण कृपा करून रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर उत्तर कळवू नका.