सांध्यांची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा



विहारात वंदनेच्या वेळी आपल्या वयस्क आया-बहिणी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसतात. विचारले तर उत्तर एकच, "वात आहे." या एका शब्दात आपण निदान तीन वेगळे आजार कोंबतो आणि म्हणूनच उपचार चुकतात.

काहींना हे मागच्या जन्मीचे भोग वाटतात. पण पावा येथे पाठ दुखू लागली तेव्हा खुद्द तथागतांनी उपदेशाचे काम सारिपुत्तांवर सोपवले व स्वतः आडवे झाले, असे दीघनिकायात आहे. शरीर आहे तिथे झीज आहे. तिचे कारण शोधायचे असते.

हाडांच्या टोकांवर कुर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वजन, जुना मार आणि वर्षानुवर्षांचे कष्ट यांनी ते झिजते. मग जिना उतरताना गुडघा दुखतो, करकरतो. सकाळचा ताठरपणा मात्र अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तो तासभर टिकला आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजले, तर तो बहुधा आमवात. त्याची औषधे निराळी, आणि उशीर केला तर बोटे कायमची वाकडी होतात.

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्याला किंवा उकिडवे बसून निंदणी करणाऱ्या बाईला "विश्रांती घ्या" म्हणणे सोपे आहे. तिची चूल मजुरीवर पेटते. तिला जमेल असे सांगतो. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून एक पाय सरळ करावा, दहा अंक मोजावेत, खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो उचलतो. स्थूल माणसाचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

हाडांचा ठिसूळपणा हा मुका आजार आहे. हाड मोडेपर्यंत तो बोलत नाही. तिशीपर्यंत हाडांत जे साठते त्यावर पुढचे आयुष्य चालते. म्हणून विद्यार्थिनींनो, हा विषय तुमचाही आहे. पाळी थांबल्यावर ही पुंजी झपाट्याने घटते. चाळिशीच्या आत पिशवीबरोबर अंडाशयही काढून टाकले असेल तर हा धोका आणखी लवकर येतो. शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, दुसरे मतही घ्या. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे, मोरीत नुसते घसरून मनगट किंवा खुबा मोडणे या याच्या खुणा आहेत.

प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ते थोडेच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. तीळ, दूध, दही, पालेभाज्या यांची जोड द्यावी. अंगावर ऊन घ्यावे. मिश्री आणि तंबाखू हाडांनाही खातात.

आठवडी बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांबद्दल स्पष्टच बोलतो. दोन दिवसांत दुखणे पळवणाऱ्या अशा पुडीत अनेकदा स्टेरॉईड असते. ते महिनोन्‌महिने घेतले तर हाडे पोखरते, साखर वाढवते. पण बराच काळ घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा.

तरुण मुलाचा खुबा सतत दुखत असेल तर त्याला वात म्हणू नका. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. हा आजार सातपुड्यातील आदिवासी बांधवांत आहे, तसा महाराष्ट्रातील आपल्या समाजातही आढळतो. रक्ततपासणी करून घ्यावी.

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय येथे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवता येते. गुडघा बदलण्याची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारची मर्यादा आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागून घ्या.

आता आपले प्रश्न विचारावेत. नमो बुद्धाय, जयभीम.