डोकेदुखीचा हिशेब ठेवा

(आरोंदा येथे तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोस्तांनो, शिक्षण, नोकरी, निकाह-तलाक असे मोठे विषय सोडून डोकेदुखीवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. म्हणून आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात असं कोण आहे, जिच्या उशाखाली किंवा पर्समध्ये कायम डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी असते? मी 'जिच्या' म्हणाले, 'ज्याच्या' नाही. तरी कुणाला खटकलं नाही, कारण तुमच्याही डोळ्यांसमोर अम्मी, खाला, भाभी किंवा थोरली बहीणच आली असणार.

अर्धशिशी पुरुषांनाही होते, पण बायकांमध्ये ती साधारण तिप्पट आढळते. २०१९ च्या जागतिक आजारभार अभ्यासात, माणूस जिवंत राहतो पण कामातून उठतो अशा आजारांमध्ये अर्धशिशी दुसऱ्या क्रमांकावर होती. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ती पहिल्या क्रमांकावर होती. बंगळुरू शहर आणि आसपासच्या गावांत केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १८ ते ६५ वयाच्या दर चार माणसांमागे एकाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला. या हिशेबाने या खोलीतही काहीजण असणार. तरीही आपण तिला आजार मानत नाही. 'तिचं डोकं नेहमीच दुखतं' असं म्हणतो आणि चहा मागतो.

आधी नावाचं बघू. मराठीत आपण अर्धशिशी म्हणतो, म्हणजे अर्ध्या शिराची. अरबीत तिला शकीका म्हणतात, त्यातही फुटून झालेल्या अर्ध्या भागाचाच अर्थ आहे. ग्रीकांनी 'अर्धी कवटी' या अर्थाचा शब्द केला आणि त्यावरूनच पुढे मायग्रेन झालं. तीन भाषांतल्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकच नाव दिलं. १०३७ साली वारलेल्या इब्न सीना यांनी आपल्या 'कानून' या वैद्यकग्रंथात डोकेदुखीचे प्रकार, कारणं आणि उपचार यांवर सविस्तर लिहिलं आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्यातल्या विद्वानांना जो अभ्यासाचा विषय वाटला, त्याला आज आपण बायकांचं नाटक म्हणावं, हे बरोबर नाही.

आता ओळखायची कशी? अर्धशिशीचा झटका औषध न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. डोकं बहुधा एका बाजूला दुखतं आणि ठसठसतं. जिना चढला, वाकून बादली उचलली की वाढतं. मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. काहींना आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. दुसरा, याहून जास्त आढळणारा प्रकार ताणाच्या डोकेदुखीचा. डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखतं, पण उलटी होत नाही आणि माणूस काम करत राहू शकतो.

इथे आपल्या घरोघरी दोन गैरसमज आहेत. पहिला पित्ताचा. 'पित्त झालं म्हणून डोकं दुखलं, उलटी झाली की उतरलं' असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. डोकं पित्तामुळे दुखत नाही. अर्धशिशीच्या झटक्यात पोटाचं काम मंदावतं आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग असतो. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्या कितीतरी बायकांचं खरं दुखणं अर्धशिशीचं असतं. दुसरा गैरसमज सायनसचा. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या जवळजवळ ३००० लोकांना तपासलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीची निघाली.

मग ती होते कशामुळे? काहींचा मेंदू जन्मतःच बदलांना जास्त संवेदनशील असतो, आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. आईला असेल तर लेकीला असण्याची शक्यता वाढते. झोप कमी-जास्त झाली, जेवण चुकलं, ऊन लागलं, पाळी जवळ आली, ताण आला किंवा ताण एकदम उतरला, की चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणारी नस चेतवली जाते. तिच्या टोकांशी काही रसायनं सुटतात, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती दाह होतो आणि ठसका सुरू होतो. म्हणजे ही शरीरात घडणारी खरी घटना आहे. स्कॅनमध्ये ती दिसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, गोळ्यांचं. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी तयार करू लागते. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांसाठी आणि अर्धशिशीच्या खास गोळ्यांसाठी ही मर्यादा १० दिवसांचीच आहे. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिनही असतं, त्यामुळे गोळी उतरली की डोकं पुन्हा मागणी करतं. बाई म्हणते, 'गोळी घेतल्याशिवाय उभी राहत नाही.' तिला व्यसन लागलं असं म्हणून हिणवू नका. या अवस्थेला औषधाच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी असं रीतसर नाव आहे आणि त्यातून बाहेर पडता येतं. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करायच्या. पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, दुखणं वाढतं. मग बहुतेकांना फरक पडतो. दरम्यान रोज खाल्लेल्या दाहशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर आणि जठरावर काय होतं, तेही लक्षात ठेवा.

म्हणून माझं पहिलं सांगणं: घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. डोकं दुखलं त्या दिवशी एक रेघ, गोळी घेतली तर त्यावर गोल. पाळीची तारीख, चुकलेलं जेवण, जागरण तिथेच लिहा. दोन महिन्यांचं असं कॅलेंडर डॉक्टरांसमोर ठेवलंत, तर महागड्या तपासणीपेक्षा जास्त माहिती त्यातून मिळते.

उपचार दोन तऱ्हेचे असतात. झटका आल्यावरचा आणि झटका येऊ नये म्हणूनचा. झटक्याच्या वेळी गोळी लवकर घ्यायची, दुखणं शिगेला पोचेपर्यंत थांबायचं नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी साधी औषधंही वेळेवर आणि पुरेशा मात्रेत घेतली तर अनेकांना पुरतात. उलटी थांबवणारं औषध जोडीला लागतं. त्याने भागलं नाही तर ट्रिप्टान गटातली खास औषधं आहेत, पण हृदयविकार असलेल्यांनी ती घ्यायची नाहीत. महिन्यात चार-पाच किंवा जास्त दिवस वाया जात असतील, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांचा विचार करतात. प्रोप्रानोलॉल हे असं एक जुनं आणि स्वस्त औषध. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते अर्धशिशीसाठी नोंदलेलं आहे. दमा असलेल्यांना मात्र ते चालत नाही. दुसरं अमिट्रिप्टिलीन. 'ही तर डिप्रेशनची गोळी' असं कुणी सांगतं आणि घरचे ती फेकून देतात. एकच औषध वेगळ्या मात्रेत वेगळ्या कामाला येतं, एवढंच. या औषधांचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका.

मुलींनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध अर्धशिशीवर देतात, पण त्याने गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. मूल होण्याच्या वयात ते लिहून दिलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि चमकत्या रेषा दिसणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. तेव्हा दुसरा उपाय मागून घ्या. हे विचारायला लाजू नका.

रमजानचं बोलू. पहिल्या दोन-तीन रोजांना दुपारनंतर डोकं का दुखतं? पाणी कमी, झोप मोडलेली आणि चहा बंद. रोज चार-पाच कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम थांबला की साधारण दिवसभरात डोकं धरतं. उपाय सोपा आहे. रमजानच्या दोन आठवडे आधीपासून चहा एकेक कप कमी करा, सहरी चुकवू नका, इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडंथोडं पाणी पीत राहा. तरीही ज्याला झटक्यात उलट्या होतात, त्याच्यासाठी सूरा बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजाऱ्याला दिलेली सवलत आहे. ती वापरणाऱ्या बाईला घरात कुणी टोचून बोलू नये. सवलत अल्लाहने दिली आहे, ती काढून घेणारे आपण कोण?

आता थोडं कडू बोलते. कितीतरी घरांत सुनेचं डोकं सतत दुखू लागलं की आधी नजर उतरवतात, मग ताबीज येतो, मग कुणी 'साया' आहे म्हणतं. पैसे जातात, आणि तिच्यात काहीतरी वाईट आहे हा शिक्का बसतो तो वेगळाच. लग्नाआधी तर मुलीला बजावतात, 'तिकडे डोकेदुखीचं सांगू नकोस.' मग ती वर्षानुवर्षं लपून गोळ्या खाते. दुआ जरूर करा, त्याने मनाला धीर येतो. पण इलाज करा, प्रत्येक आजाराला औषध आहे, हीही पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. दुआ आणि दवाखाना यांचं भांडण कुणी लावत असेल, तर त्याचा फायदा कशात आहे ते आधी बघा.

आणि काही डोकेदुख्या अशा आहेत की तिथे कॅलेंडर भरत बसायचं नाही. क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. ताप आणि ताठ झालेली मान. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. पाच महिन्यांपुढच्या गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर डोकं दुखून अंधारी येणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शिरोडा, सावंतवाडी, ओरोस की खाडीपलीकडे बांबोळी, यावर घरात चर्चा करण्यात ते तास जातात. कुठे न्यायचं हे फोनवरच विचारून घ्या.

आपल्या भागाचं एक खास आहे. २०१६ पासून दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण सापडले. गोचिडीमुळे होणारा हा ताप अचानक चढतो, सोबत डोकं आणि अंग भयंकर दुखतं. हिवाळ्यापासून मेपर्यंत काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात शेतात चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो होतो, त्याचीही सुरुवात ताप आणि डोकेदुखीनेच होते. म्हणून तापाबरोबर डोकं दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, कारण माकडताप किंवा डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि रानात किंवा शेतात गेलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

शेवटी रक्तदाबाचं. 'डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही' हे खरं नाही. रक्तदाब बहुधा गुपचूप वाढतो. तो मशीनवर मोजूनच कळतो.

तुम्ही आज घरी गेलात की एवढं करा. ज्या बाईच्या उशाखाली पट्टी आहे, तिच्याशेजारी बसा आणि विचारा, 'या महिन्यात किती दिवस दुखलं? किती गोळ्या घेतल्या?' उत्तर दहाच्या वर असेल, तर पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर तुम्ही दवाखान्यात जा. मुलग्यांनो, हे तुम्हालाही सांगते आहे. तिला एकटीला पाठवू नका, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक तिच्यासाठी ठेवू नका.