सरांचं घड्याळ



दहावीच्या बोर्डाला सरांनी स्वतःचं चावीचं घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं होतं. जर्मनीत नोकरी लागल्यावर वाटलं, त्यांना एक घ्यावं. ग्लासह्युटेची घड्याळं ऐपतीबाहेरची. मग फोर्ट्झहाइमच्या, १९२५ सालच्या लाको कंपनीचं साधं ऑटोमॅटिक घेतलं. सरांची बोटं आता थरथरतात. हे हातात असलं की आपोआप चावी बसते. आकडे ठसठशीत, अंधारात चमकणारे.

सर म्हणाले, "आतलं मशीन कुठलं?"

"जपानी. मियोटा."

"मग जर्मन कसलं रे?"

जुळणी तिथली, मशीन जपानी, म्हणूनच तर परवडलं! शिवाय ते इतकं साधं, की आपल्याकडचा घड्याळजीही उघडायला कचरत नाही.

सर पहिल्या रांगेत तेच घड्याळ बघताहेत. थांबतो.